दादाच्या गाडीचा नवा बंपर

जबलपूरच्या आपल्या मराठी मंडळींनो, आज मन ठिकाणावर नाही, म्हणून इथे लिहून राहिले.

माझ्या मोठ्या भावाने किट मागवून, एकेक भाग जोडून ट्रॅकवर पळवायची गाडी बनवली आहे. वेगात तिचं तोंड हलकं व्हायचं. म्हणून त्याने वाऱ्याच्या जोराने तोंड खाली दाबून ठेवेल असा फायबरचा बंपर करून घेतला. आज गोहलपूरच्या वर्कशॉपमध्ये तो बसवताना मी एक बाजू धरून उभी होते.

बोल्ट कसून दादा म्हणाला, "बस, परफेक्ट."

डावीकडे दोन बोटं जातील एवढी फट होती.

"दादा, ही फट दिसत नाही का तुला?"

मान पूर्ण वळवली तेव्हा कुठे त्याला ती दिसली.

"समोरचं दिसते," तो हळूच म्हणाला. "बाजूचं गेलं. काचबिंदू आहे. गेलेली नजर परत येत नाही म्हणे."

"मग सांगितलं काहून नाही?"

"तुम्ही चावी काढून घेतली असती."

येत्या रविवारी तो ट्रॅकवर जाणार होता. मी चावी काढून घेतली. तो भांडला असता तर बरं झालं असतं. त्याने बोल्ट सैल केले आणि म्हणाला, "तू बघून सांग, मी कसतो."

बंपर सरळ बसला. त्यावर हात फिरवत त्याने विचारलं, "गाडी छान दिसून राहिली ना?"

मी हो म्हटलं आणि बाहेर येऊन रडले.

घरी आल्यापासून तो बोललेला नाही. आपल्या माणसाकडून असं काही काढून घ्यावं लागलं, तर नंतर त्याच्याशी पहिला शब्द काय बोलायचा?