डोलीमागून रिकाम्या हातांनी

केझेकियाला शुक्रवारी भेटावं आणि गुरुवारी टाळावं, असं आमच्या टेकडीवर म्हणत. गुरुवारपर्यंत त्याचा हात कुणावर तरी पडलेला असायचा. शुक्रवारी तारण पावलेल्यांच्या प्रार्थनासभेत तो उभा राहायचा आणि असा रडायचा, की ज्यानं मार खाल्ला तोच उठून त्याच्या गळ्यात पडायचा.

आमच्या किगेझीच्या डोंगराळ मुलखात तारण पावलेल्या माणसानं पाप झाकायचं नसतं. आठवड्याचं आठवड्याला चारचौघांत उजेडात आणायचं, मग सगळ्यांनी उठून गायचं, मिठ्या मारायच्या. या कामात केझेकियाचा हात धरणारा कुणी नव्हता. “बांधवांनो, डावा हात असा उगारला मी,” म्हणून तो उगारून दाखवायचा. पलीकडच्या टेकडीवरून बाया त्याची साक्ष ऐकायला यायच्या. पाळक आत्म्याच्या फळांवर उपदेश करायला लागले आणि शेवटच्या फळापाशी, इंद्रियदमनापाशी आले, की सगळ्या माना केझेकियाकडं वळायच्या. तोही मान डोलवायचा. जणू त्याच्या मालकीच्या शेताचंच नाव घेतलं होतं.

त्या वर्षी फेब्रुवारीत आम्ही म्हाताऱ्या बिटेम्बाला डोलीतून खाली न्यायला निघालो होतो. टेकडीला रस्ता नाही. दवाखाना तीन तासांच्या उतारावर. वेताची डोली, चार खांदे पुढंमागं, बाकीचे बदली. डोली वाहायला टेकडीचं मंडळ आहे, घरटी एक गडी त्यात असतोच. ज्याच्या घरचा गडी नाही, त्याच्या घराला डोली नाही. पुढच्या दोन दांड्यांना केझेकिया आणि झाकारिया होते, मागं मी.

झाकारियाचं शेत केझेकियाच्या खालच्या पायरीला. खांदा बैलाचा आणि जीभ विंचवाची. चालता चालता तो म्हणाला, “का रं केझेकिया, गप का आज? शुक्रवारी काय सांगायचं त्याची जुळवाजुळव चाललीया व्हय?”

माझ्या खांद्याला नुसता हिसका बसला. केझेकियानं दांडी सोडली होती. त्यानं झाकारियाच्या कानशिलात हाणली तेव्हा डोली कलंडून म्हातारा दगडावर पडला होता. गळ्याखालचं हाड मोडलं. म्हातारा वाचला. पण जमिनीवरून त्यानं केझेकियाकडं बघून थुंकलेलं मला अजून दिसतं.

मंडळाचा पुढारी काबुरा. कमी बोलणारा माणूस. त्यानं सगळ्यांसमोर सांगितलं, “केझेकिया, आजपासनं तुझ्या घराला डोली न्हाई. ज्वारी कणगीत पडंपातूर तुझी एक बी तक्रार आली न्हाई, तर परत ये. आली, तर पुढल्या वर्साची ज्वारी बघायची.”

केझेकियानं मान खाली घातली. आम्ही एकमेकांकडं बघितलं. कारण त्याची बायको युनिया चार महिन्यांची पोटुशी होती आणि ज्वारी निघायच्या दिवसांतच तिचे दिवस भरत होते. थोरला तिला घरात झाला. दुसरीच्या वेळी मूल आडवं येऊन ती अडली. डोलीनं खाली नेली म्हणून दोघी जगल्या. तिसरं पाचव्या महिन्यातच गेलं होतं. युनियाच्या घराला डोली नाही म्हणजे काय, ते बोलून दाखवायची कुणाला गरज नव्हती.

त्या शुक्रवारी सभेला बसायला जागा नव्हती. एवढी मोठी साक्ष टेकडीवर झालीच नव्हती. केझेकिया डोळे पुसत उभा राहिला, तोच पुढच्या चटईवरून येरूसा म्हातारी म्हणाली, “बस खाली.”

“आजी, मला उजेडात यायचंय.”

“लई उजेड झाला तुझा. गुरुवारी पेरतोस नि शुक्रवारी कापतोस. परसाकडं जाऊन आलेल्या माणसावानी हलका हून घरी जातोस, नि मग परत भूक लागतीया तुला. ज्वारी निघंपातूर हितं तोंड उघडायचं न्हाई.”

“मग आलेल्या रागाचं मी करू काय?”

“मला काय ठावं? माझा हाय व्हय तो? घरी ने. त्याच्यासंगं ऱ्हा.”

सभेत कुजबुज झाली. लांबून आलेल्या बाया तर नाराजच झाल्या. पण येरूसाच्या पुढं जायची कुणाची टाप नव्हती. टेकडीवर पहिल्यांदा जागृतीची लाट आली, तेव्हा तारण पावलेल्यांपैकी ती एकटीच उरली होती.

तिथून पुढचे पाच महिने केझेकिया बसलेला कुणी पाहिला नाही. पहाटे बांधावर, दुपारी ओढ्यावर, संध्याकाळी परत बांधावर. निलगिरीची जुनी खुंटं त्यानं मुळासकट उपटून काढली. ज्यांचा कुणाला त्रास नव्हता तीही. घरापुढं फाटी रचली ती छपराला लागली. माणसं बोलत बसली, की हात काखेत दाबून उभा राहायचा, एका पायावरून दुसऱ्या पायावर. बोलणं तापायला लागलं की वाक्य अर्धं टाकून चालू पडायचा. एकदा लग्नाच्या बोलणीतून उठून गेला तो थेट पाणथळीपर्यंत. लोक हसायचे. “आरं, केझेकियाला जुलाब लागल्यात काय?”

रात्री घरातही तेच. युनिया म्हणायची, “आवो, बसा की! तुमच्या फेऱ्यांनी पोटातलं बी गरगराय लागलंय.”

तो बसायचा. आणि तिचा डोळा लागला की उठायचा.

मला एकदा शाळेच्या वाटेवर भेटला. म्हणाला, “मास्तर, पूर्वी राग यायचा नि जायचा. आता येतोय नि बसतोय. पावण्यावानी. जेवाय वाढा, अंथरूण द्या. तारण पावलेल्या माणसाचं असं व्हतं काय?”

मी म्हणालो, “प्रार्थना करतोस ना?”

“करतोय की. डोळं मिटलं की झाकारियाच दिसतोय.”

झाकारियानं तर चंगच बांधला होता. आमच्याकडं दोन पायऱ्यांच्या मधला बांध गवताचा असतो. खालच्यानं कुदळीनं जरा खरवडलं, की वरची माती आपसूक खालच्याच्या शेतात. चोरी म्हटली तर चोरी, मशागत म्हटली तर मशागत. झाकारिया दर आठवड्याला वीतभर बांध खायचा, आणि खाताना गुणगुणायचा. केझेकिया वरून बघायचा, हात काखेत घालून.

जुलै आला. ज्वारी लाल झाली. आठ दिवसांत कापणी. युनियाचं पोट खाली उतरलं होतं. केझेकिया आपल्या बांधावर कुदळ घेऊन होता. आसपास कुणी नव्हतं.

“झाकारिया, बांध खाऊ नगंस,” तो म्हणाला. तेवढंच. आवाजही चढला नव्हता.

झाकारिया कमरेत ताठ झाला. पाच महिने त्यानं खडे टाकले होते, पाणी हललं नव्हतं. माणसाला त्याचाही वैताग येतो. म्हणाला, “बांधाचं सोड. जगाची पापं सभेत वाचून दाखवलीस तू. चुलीम्होरचं सांगितलंस कधी? तिसरं पोर कसं गेलं, ते? माझ्या बायकुनं धुतलीत तुझ्या बायकुची लुगडी.”

केझेकियाची कुदळ डोक्यावर गेली.

खरं होतं ते. घेवडा करपला म्हणून त्यानं युनियाला ढकललं होतं. ती उंबऱ्यावरून पायरीच्या कडेला पडली होती. शंभर शुक्रवारांत त्यानं शंभर माणसांची नावं घेतली, पण हे नाव जिभेवर आलं नव्हतं.

कुदळ किती वेळ वर होती, ते त्याला पुढं मलाही सांगता आलं नाही. मग त्यानं ती खाली ठेवली, टाकली नाही, ठेवली, आणि घरी चालत गेला. युनिया ज्वारीचं पीठ चाळत होती. तो तिच्यापुढं उकिडवा बसला आणि म्हणाला, “तिसरं पोर माझ्या हातानं गेलं.”

युनियानं चाळणी थांबवली नाही. “मला सांगताय? मी तिथंच हुते.”

त्याला हुंदका आला. तशी ती कडाडली, “रडायचं न्हाई! रडून मोकळं झालासा, की हात परत उचलायला रिकामा. तसंच ठिवा आत.” हे तिनंच पुढं माझ्या बायकोला सांगितलं, आणि सांगताना तिचा आवाज कडक होता.

दुसऱ्या दिवशी झाकारियानं मंडळाकडं तक्रार नेली. दुपारी आम्ही वीस-बावीस जण अंजिराच्या झाडाखाली बसलो. झाकारिया म्हणाला, “माझ्यावर कुदळ उगारली ह्यानं.”

काबुरानं विचारलं, “आणखी कुणी बघितलं?”

“न्हाई. दोघंच हुतो.”

काबुरानं आमच्याकडं बघितलं. आम्ही खाली मुंग्यांकडं. झाकारियाची जीभ सगळ्यांना ठाऊक होती. केझेकियानं नुसतं ‘न्हाई’ म्हटलं असतं, तर आम्ही ते उचलून धरलं असतं आणि आठ दिवसांनी त्याच्या घराला डोली मिळाली असती. आम्हाला तेच हवं होतं. काबुरालाही. त्यानं सोयीनंच विचारलं, “केझेकिया, झाकारियाची बघण्यात चूक झाली आसंल न्हवं?”

केझेकियाचे अंगठे एकमेकांवर घासत होते. पायाची बोटं माती उकरत होती.

“उगारली,” तो म्हणाला. “डोक्याच्या वर. मग ठेवली.”

“तो काय बोलला हुता?”

“ते मंडळाचं काम न्हाई.”

आम्ही वाट बघत राहिलो. हा आता उठेल, हात उगारून दाखवेल, रडेल. तो बसूनच राहिला. झाकारियानं तोंड उघडलं आणि मिटलं.

काबुरानं मोठा श्वास घेतला. “मग ठरल्यापरमाणं. पुढली ज्वारी.”

“आन् मी?”

युनिया झाडाच्या मागं उभी होती. बायांना त्या बैठकीला यायची रीत नाही. एक हात पोटाखाली, एक कमरेवर, अशी ती पुढं आली.

“ह्यो दोघांतला निवाडा झाला. माझा कुणी केला? तेरा वर्सं तुमच्या डोलीमागनं आंबिलीचा घडा मी वाह्यला, काबुरामामा. ह्यांनी एकदा डोली टाकली. मी घडा टाकला व्हय कधी? ह्यांच्या हाताची शिक्षा माझ्या पोटाला का?”

मंडळाच्या वहीत गड्यांचीच नावं होती. घडा वाहणारीचं नाव कुठं लिहायचं, हे आम्हाला कधी सुचलंच नव्हतं. म्हातारा बिटेम्बा, गळ्याखालचं हाड वाकडं जुळलेला, तोच शेवटी बोलला, “पोरीची डोली पोरीला द्या. ह्यानं खांदा बी लावायचा न्हाई नि बोलायचं बी न्हाई. त्यानं मागनं चालावं, मोकळ्या हातानं.”

सहाव्या दिवशी सकाळी युनियाला कळा लागल्या आणि दोन तासांत कळलं, की हेही आडवं आहे. आम्ही धुक्यातच निघालो. पुढच्या उजव्या दांडीला झाकारिया. टेकडीवर त्याच्यासारखा खांदा दुसरा नाही, आणि तो न बोलावता आला होता. केझेकिया दहा पावलं मागं. हातात काही नाही. मी बदलीवर होतो, म्हणून त्याच्या शेजारून चालत होतो.

असं चालणं मी आयुष्यात पाहिलं नाही. युनिया कण्हली की त्याचे खांदे पुढं जायचे आणि तो त्यांना मागं ओढायचा. झाकारिया उतारावर लांब टांगा टाकायचा, डोली डुचमळायची. हळू, एवढं एक म्हणायचं होतं त्याला. ओठ चावून चावून रक्त आलं. मध्येच तो वाट सोडून गवतात शिरायचा, पाच पावलं गोल फिरायचा, परत मागं यायचा. एकदा पुटपुटला, “मास्तर, त्याचा पाय बघा, पाय बघा,” आणि स्वतःच तोंडावर हात ठेवला.

पाणथळीत लव्हाळ्यांतून ओंडके टाकलेले आहेत. चौथ्या ओंडक्यावर झाकारिया घसरला. गुडघ्यापर्यंत चिखलात. डोली उजवीकडं कलली, युनिया किंचाळली. मागच्यांनी दांड्या वर उचलून कशीबशी तोलली. केझेकिया धावत जाऊन कडेला पोहोचला होता. झाकारियाचं मुंडकं त्याच्या हाताला लागेल एवढ्या अंतरावर. आम्ही सगळे त्याच्या हातांकडं बघत होतो.

झाकारियाही बघत होता, चिखलातून वर. “दे की रं शिवी एकदाची!” तो ओरडला. “नायतर हाण! मागनं मुका चालतोयस, त्यानंच पाय घसराय लागलाय माझा!”

केझेकियाची छाती भात्यासारखी हलत होती. दांडी धरायची त्याला मनाई होती, बोलायचीही. त्यानं काबुराकडं बघितलं. काबुरानं होकाराची मान हलवली.

“डाव्या अंगाला दगड हाय,” केझेकिया म्हणाला. “पाण्याखाली. आदी त्याच्यावर पाय दे. मग उठ.”

झाकारियानं पायानं चाचपलं. दगड होता. तो उठला. डोली सरळ झाली.

दवाखान्यात पोचलो तेव्हा ऊन आलं होतं. दुपार कलल्यावर नर्सबाई बाहेर आली, म्हणाली, “मुलगी आहे. आई दमलीये, पण दोघी ठीक आहेत.” आम्ही भिंतीच्या कडेला सपशेल लवंडलो. मागून घडे घेऊन आलेल्या बायांनी आंबील ओतली. केझेकियानं आत जाऊन दोघींना बघितलं, बाहेर आला, आणि अंगणात चकरा मारायला लागला. बाकावर झाकारिया होता. त्याच्या पायावरचा चिखल वाळून भेगाळला होता. तो जरा सरकला, बाकावर हात आपटून म्हणाला, “आरं बस आता. झालं न्हवं सगळं?”

“नगं,” केझेकिया म्हणाला. “आत्ता तुझ्या शेजारी बसलो तर मारीन तुला.”

झाकारियानं त्याच्याकडं नीट बघून घेतलं. मग सरकला होता तेवढा परत बाकाच्या मध्यावर आला. “मग हुबा ऱ्हा,” म्हणाला, आणि आंबील प्यायला लागला.

केझेकिया चकरा मारत राहिला.