अटॅक आला असं मीच सांगितलं

२०२३ साली मी त्र्याहत्तर वर्षांचा होतो. तेव्हाचं हे. तोंडाने कुणाला सांगवलं नाही, म्हणून कागदावर.

माझा मुलगा प्रवीण पुण्याला कामाला होता. २०२३च्या सात वर्षं आधी तो तिथेच, खोलीवर गेला. गेला म्हणजे — त्याने स्वतःहून जीव दिला. एवढं लिहायला मला अर्धा दिवस लागला. शेवटी शेवटी फोनवर म्हणायचा, "बाबा, काहीच नको वाटतं." मी काय समजलो? आळस.

आमच्या बौद्धांत माणूस गेल्यावर पुण्यानुमोदनाचा कार्यक्रम असतो, त्यात लोक उभे राहून गेलेल्याबद्दल दोन शब्द बोलतात. आमच्या वर्तकनगरातल्या सगळ्या कॉलनीसमोर पहिला माईक मीच घेतला. पोराला अटॅक आला, म्हणालो. सून सुनीता खाली बघत बसलेली. माईकवर बोललेलं मागे कसं घ्यायचं? आणि घेतलं असतं तर — माझी मान ताठ राहिली असती का?

नात अस्मिता तेव्हा सहा वर्षांची. तिलाही तेच सांगितलं.

तेराव्या वर्षी ती कबड्डीत जिल्ह्याला निवडली गेली. फॉर्मसाठी डॉक्टरकडे मीच नेलेली. घरात कुणाला हार्टचा त्रास, त्यांनी विचारलं. पोरगी लगेच म्हणाली, "पप्पा अटॅकने गेले." डॉक्टरांनी माझ्याकडे बघितलं. एक शब्द पुरला असता — नाही का? मी होय म्हणून मान डोलावली. तपासण्या होईपर्यंत खेळ बंद, ते म्हणाले.

संध्याकाळी सुनीता हात पुसत समोर उभी राहिली.

"बाबा, आता तरी तिला सांगू द्या. छातीवर हात ठेवून झोपते ती."

"आपल्या घरात तसलं काही झालेलं नाही."

"झालंय. ते आजारी होते, मनाने. त्यात लाज कसली?"

"तुला या घरात राहायचंय ना?"

असं मी विचारलं. नवरा गेलेल्या बाईला.

तिचं खरं होतं, हे मला तेव्हाच कळत होतं. पण रिपोर्ट चांगले आले, तर पोरगी विचारणार — मग पप्पांना कसं झालं? त्याचीच मला भीती.

दुसऱ्या दिवशी सकाळी इस्त्रीचा शर्ट घालून मी शाळेत गेलो. खेळाच्या सरांना म्हणालो, हिच्या बापाचं हार्टचं होतं, नाव काढा. रिपोर्टची वाट बघू या काका, ते म्हणाले. मी नको म्हणालो. त्यांनी कागद पुढे सरकवला. मी सही केली.