ऑर्विलची ऑक्टोबरची यादी

ऑर्विल स्टट्झमनचं व्हिडिओ कॅसेटचं दुकान बंद होऊन बारा वर्षं झाली होती, तरी ऑक्टोबर तोंडावर आला की गावातली माणसं त्याच्या दारात यायची. "ऑर्विल, यादी झाली का?" यादी म्हणजे हॅलोवीनपर्यंतच्या एकतीस दिवसांचे एकतीस भयपट, रोज एक. सुरुवातीला सौम्य, पोराबाळांना चालतील असे. मग जुने काळेपांढरे. मग पिशाच्चं, बाहुल्या, तळघरं. आणि शेवटचे तीन असे, की माणूस न्हाणीघरात जातानासुद्धा कुत्र्याला बरोबर नेईल. कुणाला काय झेपेल हे त्याला चेहऱ्यावरून कळायचं. हार्डवेअरवाला डेल्बर्ट सहा फुटी गडी, पण बाहुली दिसली की गाळण उडते. त्याला ऑर्विल चारचौघांत सांगायचा, "अकरा तारखेला तू आपला चर्चमध्ये बस बाबा." डेल्बर्ट लाल व्हायचा आणि अकरा तारखेला खरंच चर्चमध्ये जाऊन बसायचा.

मी बर्नाडेट. त्याच्या दुकानात एकोणीस वर्षं काउंटरला होते, आणि राहते त्याच्या समोरच्या घरात. आमचं तसलं काही नव्हतं, विचारायच्या आधीच सांगते. गावानं विचारून विचारून माझं डोकं खाल्लंय.

दुकानाआधी ऑर्विल नदीकाठच्या कपबशांच्या कारखान्यात होता. भट्टीवर, दोन-दोन पाळ्या. बायको जीन कंटाळली आणि अकरा वर्षांच्या कॉरीनला घेऊन पार ओरेगॉनला गेली, म्हणजे देशाच्या दुसऱ्या टोकाला. त्यानंतर बापलेकीत नाताळचं एक कार्ड, तेवढंच. त्यावर नुसती सही. पुढे दुकान चालायला लागल्यावर एका वर्षी त्यानं ऑक्टोबरची यादी कॉरीनला टपालानं पाठवली. का, ते त्यालाही सांगता आलं नसतं. एक तारखेला दुपारी चार वाजता दुकानातला फोन वाजला. मीच उचलला. पलीकडे बाईचा आवाज, "डॅडींना सांगा, पहिला पाहिला."

तेव्हापासून तेवीस वर्षं, दर ऑक्टोबरला, रोज चार वाजता फोन. तिकडे तेव्हा एक वाजलेला असायचा, दातांच्या दवाखान्यातली तिची जेवणाची सुट्टी. आदल्या संध्याकाळी पाहिलेल्या सिनेमावर दोघं तासभर बोलायची. खुनी आधीच ओळखला का, घुबड खोटं वाटलं का, नायिकेनं मागच्या दारानं का नाही पळायचं. हसायची, भांडायची. नोव्हेंबर लागला की परत तोंडाला कुलूप. अकरा महिने एक शब्द नाही. मी म्हणायचे, "अरे, मधे एखादा फोन कर की लेकीला!" तर म्हणायचा, "कशावर बोलू?"

त्या वर्षी ऑगस्टमध्ये डॉक्टरांनी त्याला सांगितलं, की कारखान्याची धूळ फुप्फुसात दगड होऊन बसलीय, वसंत काही दिसायचा नाही. नाकात नळी आली, बाजूला ऑक्सिजनचं यंत्र घरघरायला लागलं. मी म्हटलं, कॉरीनला कळव. तर मला शपथ घातली. "ऑक्टोबर जाऊ दे बर्नी. माझे एकतीस फोन आहेत. त्यात रडारड नको. नोव्हेंबरात सांगू." एकतीस फोन! मरणारा माणूस एवढंच मागत होता, आणि तेही माझ्या हातून धड झालं नाही.

यादी त्यानं केली, पण हात इतका कापायला लागला होता की अक्षर लागेना. "कॉरीनची यादी तू उतरवून काढ," म्हणाला. मी गावासाठी वाचनालयाच्या फळ्यावर छापून लावलेली यादी समोर ठेवली, सुवाच्य अक्षरात उतरवली आणि कॉरीनला पाठवून दिली.

एक ते आठ फोन झकास झाले. नऊ तारखेला चार वाजता मी तिथंच होते, सूप घेऊन गेले होते. फोनचा आवाज मोठा करून ठेवलेला असायचा, कारण त्याला यंत्राच्या घरघरीत ऐकू यायचं नाही.

"पाहिलास?" ऑर्विलनं विचारलं.

"पाहिला ना डॅडी! 'हातमोजेवाल्याची बायको'! अरे, काय भयंकर! ती शेवटी हातमोजा काढते आणि आत हातच नसतो. मी ओरडलेच."

ऑर्विलचा चमचा सुपातच राहिला. त्यानं माझ्याकडे पाहिलं. 

"आणि नवरा?" त्यानं हळूच विचारलं.

"नवरा भिंतीत. पहिल्यापासून भिंतीतच असतो."

"बरोबर," ऑर्विल म्हणाला. "भिंतीतच असतो."

'हातमोजेवाल्याची बायको' नावाचा सिनेमा जगात नाही. फार पूर्वी हमरस्त्यावरच्या मोठ्या व्हिडिओ दुकानानं ऑर्विलची यादी चोरून स्वतःच्या नावावर लावली होती. तेव्हापासून चोर पकडायला तो यादीत एक नसलेला सिनेमा घुसडायचा. पुढे गावाला तो खेळच झाला. जो आधी ओळखेल त्याचा हॅलोवीनचा भोपळा ऑर्विल स्वतः कोरून देणार. पण कॉरीनच्या यादीत ऑर्विल त्या जागी खरा सिनेमा लिहायचा, आठवणीनं, स्वतःच्या हातानं. हे मला ठाऊक होतं. एकोणीस वर्षं काउंटरला काय झोपा काढत होते मी? आणि तरी फळ्यावरचं जसंच्या तसं उतरवलं.

फोन ठेवल्यावर माझं डोकंच फिरलं. "खोटारडी! तेवीस वर्षं बापाला बनवतेय! एकही बघितला नसेल तिनं, कुठून तरी वाचून येते नि तुला ऐकवते!"

"गोष्ट काय रचली पण पोरीनं," ऑर्विल म्हणाला. "भिंतीत नवरा! मला नसतं सुचलं."

"चेष्टा सुचतेय तुला? सरळ सांग तिला, कळलंय म्हणून."

"मग उद्या ती कशासाठी फोन करेल?" त्यानं सूप बाजूला सारलं. "बर्नी, शेवटी ती हसली, ऐकलंस ना? मग गप बस."

तो गप बसला. दहाला फोन आला, अकराला आला, बाराला आला. ती सांगत होती आणि तो "हो का? मग?" करत होता, जणू पहिल्यांदाच ऐकतोय. तिसऱ्या दिवशी तर मला वाटलं, त्याला हे जास्तच आवडतंय. पण मला राहवेना. माझ्या जिभेला हाड नाही, सगळं गाव जाणतं. मरत्या माणसाशी कुणी खोटं बोलावं हे मला सहन होईना. तेरा तारखेला सकाळी मी तिच्या दवाखान्यात फोन लावला, असा सिनेमाच नाही, बापाला सगळं कळलंय म्हणून तिला चांगलंच झाडलं. फुप्फुसांचं सांगायचं नाही अशी शपथ होती, ती तेवढी पाळली.

माझं संपेपर्यंत तिनं ऐकून घेतलं. मग कॉरीन म्हणाली, "मला भीती वाटते हो."

"कसली?"

"सिनेमांची. सात वर्षांची होते तेव्हापासून. डॅडी कायम कारखान्यात, आले की झोपायचे. फक्त ऑक्टोबरात शनिवारी दुपारी टीव्हीवर भुताचे सिनेमे लागायचे, तेव्हा सोफ्यावर माझ्या शेजारी बसायचे. मी डोळे मिटून बसायचे. मनात गाणी म्हणायचे. ते आईला सांगायचे, बघ, माझी पोरगी वाघ आहे, हूं की चूं नाही. मग कशी उठून जाणार मी?"

 "बघ मग आता काय ते," असं काहीतरी बोलून मी फोन ठेवला.

त्या दिवशी चारला फोन आला नाही. ऑर्विल पाच वाजेपर्यंत तसाच बसून होता. म्हणाला, "दवाखान्यात गर्दी असेल." मी मान हलवली.

चौदाला आला. तिचा आवाज बसला होता. "डॅडी, काल मी खरंच लावला. चौदावा. बारा मिनिटं बघितला. मग उलटी झाली आणि बंद केला. पण बघितला."

"खरंच म्हणजे?" ऑर्विलनं विचारलं, आणि माझ्याकडे वळला. मी खिडकीकडे बघायला लागले.

"बर्नाडेट म्हणाली, तुला कळलंय. सोफ्यावरसुद्धा मला भीतीच वाटायची डॅडी."

यंत्र घरघरत होतं. "लहानपणी डोळे मिटायचीस?" त्यानं विचारलं.

"हो."

"सगळ्या सिनेमांना?"

"सगळ्या."

"मला वाटायचं..." म्हणाला, आणि श्वासासाठी थांबला. मग इतक्या मायेनं बोलला, की तसा आवाज मी त्याचा कधी ऐकला नव्हता. "आता नको बघूस बाळा. मी सांगतो म्हणून तर मुळीच नको. उगाच त्रास. संपलं ते."

"बरं," कॉरीन म्हणाली.

मग दोघंही थांबली. मी मनात म्हणत होते, बोला रे, आता तरी बोला, मधे भुतंबितं काही नाहीत.

"बाकी काय?" तिनं विचारलं.

"बाकी बरं."

"पाऊस आहे का तिकडे?"

"नाही. तुझ्याकडे?"

"आहे थोडा."

 "बरं मग, डॅडी." "बरं." चार मिनिटंही झाली नव्हती.

पंधराला फोन आला नाही, सोळालाही नाही. मी म्हटलं, "तू कर ना!" तर त्यानं खरोखरच विचारलं, चेष्टा नाही, "बर्नी, लोक मुलींना काय विचारतात?" मी सांगितलं, जेवलीस का विचार, काम कसं चाललंय विचार, झोप लागते का विचार. त्यानं त्या कापऱ्या हातानं पाकिटाच्या मागं लिहून घेतलं. सतराला नंबर फिरवला तर कॉरीन कामात, निरोप ठेवा म्हणून तिच्या फोनचं यंत्र बोललं. ऑर्विलनं चष्मा लावला आणि वाचून दाखवलं. "जेवलीस का. काम कसं चाललंय. झोप लागते का." आणि फोन ठेवला.

दोन दिवसांनी त्याच्या फोनवर तिचा लेखी निरोप आला. जेवले डॅडी. काम बरं चाललंय. झोप लागते. त्याखाली तिचं नाव. पुढे काय विचारायचं ते मलाही सुचलं नाही. तरी ऑर्विल रोज चारला फोनजवळ बसायचा, पार एकतीस तारखेपर्यंत. त्या संध्याकाळी गल्लीतली पोरं चेटकिणी नि सांगाडे होऊन गोळ्या मागायला आली, तर दार मला उघडावं लागलं, कारण त्याला खुर्चीतून उठवेना.

नोव्हेंबरात सांगू म्हणाला होता. सहा तारखेला सकाळी मी किल्लीनं दार उघडून आत गेले तेव्हा तो गेला होता.

कॉरीन विमानानं आली. बापाचंच नाक, बापासारखंच खाली बघून बोलणं. दफन झाल्यावर सगळे चर्चच्या तळघरात कॉफी नि सँडविच खायला गेले, ती मात्र गाडीजवळ माझी वाट बघत थांबली.

"फुप्फुसांचं कधी कळलं होतं?" तिनं विचारलं.

"ऑगस्टमध्ये."

"म्हणजे तुम्ही मला फोन केलात तेव्हा तुम्हाला माहीत होतं."

"हो. त्यानं शपथ घातली होती."

तिनं मान डोलावली. ती माझ्या थोबाडीत मारेल तर बरं, असं मला वाटत होतं.

"हे सांगितलं असतंत तर मी त्याच दिवशी निघाले असते," ती म्हणाली. "तुम्ही मला सिनेमांचं सांगितलंत."