जबाबात आईचा व्यवसाय

हे लिहावं की नाही, याचा मी बरेच दिवस विचार केला. कारण यातली पहिली चूक माझी आहे, आणि ती मी अगदी शांतपणे केली होती.

माझी आई मांडे करायची. मांडा म्हणजे पुरणपोळीच, पण ती पोळपाटावर लाटत नाहीत. पुरण भरलेला सैल उंडा दोन्ही हातांवर झेलत, उलटवत, कोपरापर्यंत पसरत न्यायचा आणि पार रुमालाएवढा झाला की चुलीवरच्या उलट्या खापरावर अलगद टाकायचा. आमच्याकडे लग्नात मांडे नसतील तर पाहुणे तोंडावर काही बोलत नाहीत, पण गावी जाऊन बोलतात. त्यामुळे लग्नसराईत आईला एरंडोल, धरणगाव, पारोळा, कुठून कुठून बोलावणी यायची. तिच्यासोबत एक अक्का असायच्या. त्या पुरण भरून उंडे करून द्यायच्या आणि चुलीचा जाळ सांभाळायच्या. दोघी पहाटे चुलीपुढे बसायच्या त्या पंगती उठेपर्यंत.

एवढं करूनही याला कोणी काम म्हणत नसे. मजुरी ठरवायची नाही, हा आमच्याकडचा रिवाज. निघताना यजमानीणबाई हळदीकुंकू लावणार, साडी देणार आणि साडीच्या घडीत पाकीट ठेवणार. पाकीट तिथे उघडायचं नाही. ‘किती देणार?’ हे विचारणं तर फारच हलकेपणाचं.

दोन वर्षांपूर्वी एरंडोलचं एक लग्न उरकून आई परत येत होती. अक्का त्या दिवशी आधीच्या बसनं निघून गेल्या होत्या. हायवेच्या कडेला बसची वाट पाहत उभी असताना मागून आलेल्या कारनं तिला उडवलं. उजवा हात कोपरापाशी आणि मनगटापाशी, दोन्हीकडे मोडला. चालवणारा म्हणाला, बाई मध्येच आल्या. आई रस्त्यावर आलीच नव्हती, तिची पिशवीसुद्धा कडेच्या मुरमात पडलेली सापडली.

जळगावला सिव्हिलमध्ये हवालदार जबाब घ्यायला आले. वडिलांची भाजीची लोटगाडी आहे, त्यांना कागद पाहिला की घाम फुटतो. आमच्या घरातून कॉलेजात गेलेली मी पहिली, म्हणून खाटेशेजारी मी उभी राहिले.

“बाईंचा व्यवसाय?” हवालदारांनी विचारलं.

आई माझ्याकडे बघून हळूच म्हणाली, “काही नही. घरमाज राहस.”

मी म्हणाले, “गृहिणी.”

“कुठून येत होत्या?”

“लग्नाला गेली होती.”

आई म्हणाली ते तिच्या रिवाजाप्रमाणे म्हणाली. माझं तसं नव्हतं. जळगावला, पिंप्राळ्यात राहायला आल्यापासून कॉलेजच्या प्रत्येक फॉर्मवर मी ‘गृहिणी’च लिहीत आले होते. लोकांच्या चुलीपुढे बसते, हे मला लिहायचं नव्हतं. हवालदारांनी मला जबाब वाचायला दिला. मी दोनदा वाचला आणि म्हणाले, बरोबर आहे.

ऑपरेशन करून हातात धातूच्या पट्ट्या बसवल्या, हाड जुळलं. पण तळहात वर आकाशाकडे होत नाही. आई केस विंचरते, पेला धरते, सही करते. दाखल्यावर डॉक्टरांनी अपंगत्व अगदी थोडं लिहिलं. त्यांच्या हिशेबानं हात बराच चालतो. पण तळहात उताणा होत नसेल तर मांडा पसरायचा कशावर?

भरपाईचा दावा लावला तेव्हा आमच्या वकीलबाईंनी मला समजावून सांगितलं. अपघातात जखमी झालेल्याला भरपाई मागायचा हक्क आहे, त्यात कोणाची मेहरबानी नाही. गृहिणीच्या कामाचीही किंमत धरतात. पण हात किती टक्के गेला आणि त्या हातावरची कमाई किती गेली, हे दोन वेगळे प्रश्न आहेत. दुसऱ्याचं उत्तर मिळवायचं तर आई काय काम करत होती ते सिद्ध करावं लागेल. मग त्यांनी जबाबाची प्रत माझ्यापुढे सरकवली. “हे कोणी सांगितलं?”

मी खाली बघत म्हणाले, “मी.”

त्या रागावल्या नाहीत. रागावल्या असत्या तर बरं झालं असतं. म्हणाल्या, “साक्षीदार आणा. ज्यांच्याकडे मांडे केले ते.”

म्हणून मी एरंडोलला त्या लग्नघरी गेले. मोठं घर, दारात दोन गाड्या. बाईंनी पाणी दिलं, आईची चौकशी केली, डोळे पुसले. मी विषय काढला तसा त्यांचा पदर सावरला गेला.

“अगं, कोर्टात काय सांगू मी? आम्ही काय तिला मजुरीनं बोलावलं होतं का? घरचीच समजून बोलावलं.”

“पण काकू, पाकीट…”

“ते प्रेमानं दिलं. त्याला मजुरी म्हणायची? लोक काय म्हणतील, यांनी मांड्यांना बाई लावली होती!”

मी त्यांच्या ओट्यावरून उतरले. घरचीच! घरची होती तर पत्रिकेत तिचं नाव कुठे होतं? घरची होती तर ती पाचशे माणसांच्या पंगती उठल्यावर, एकटी, बाहेर पत्रावळींशेजारी का जेवली? आणि घरची होती तर दारातल्या दोन गाड्यांपैकी एकीनंही तिला बसस्टँडपर्यंत का सोडलं नाही? हे सगळं मी त्यांना बोलायला हवं होतं. मी म्हणाले, “येते काकू.” आणखी तीन घरी गेले. शब्द वेगळे, उत्तर तेच.

शेवटी अक्का आल्या. मी त्यांना विचारायला कचरत होते, कारण त्यांचं पोट अजून त्याच घरांवर होतं. त्यांनी ऐकलं आणि एवढंच विचारलं, “तारीख कधी शे?”

कोर्टात त्या कारच्या विमा कंपनीच्या वकिलांनी आधी आईला प्रश्न विचारले. “तुम्ही गृहिणी आहात. अपघाताच्या दिवशी लग्नाला गेला होतात. जबाबात तसंच आहे. खरं ना?”

आईनं दोन्ही हातांनी कठडा धरला होता. “लग्नमा मी जेवाले नही जास, साहेब. मांडा कराले जास.”

“त्याची पावती आहे?”

“मांडास्नी पावती कोन देस?”

मागे कोणीतरी हसलं. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं, आणि हसणाऱ्याचा रागही आला. हसण्यासारखं काय होतं त्यात? बाईनं पंचवीस वर्षं चुलीपुढे भाजून घेतलं आणि तिच्याकडे एक चिटोरं नाही, यात हसू कशाचं येतं?

मग अक्का उभ्या राहिल्या. दोघी कुठे कुठे जायच्या, ते त्यांनी गाव आणि घर सांगत मोजून दाखवलं.

“पैसे मिळायचे?” वकिलांनी विचारलं.

“मिळेत. पाकिटमा.”

“म्हणजे भेट. खुशीनं दिलेली.”

अक्कांनी त्यांच्याकडे नीट वरपासून खालपर्यंत पाहिलं. “भाऊ, तुम्हले फी पाकिटमा दिधी तर ती खुशीनी भेट का?”

या वेळी न्यायाधीशसुद्धा हसले. त्यांनी वकिलांना पुढचा प्रश्न विचारायला सांगितलं, तर वकील कागद गोळा करून खाली बसले. न्यायाधीशांनी टायपिस्टला मजकूर सांगितला: अर्जदार व साक्षीदार या लग्नकार्यात मांडे करण्याचं काम करीत व त्याचा मोबदला घेत. मी तो शब्दन् शब्द ऐकला. माझ्या आईविषयी सरकारी कागदावर पहिल्यांदा खरं लिहिलं जात होतं, आणि ते माझ्यामुळे नव्हतं.

निकाल अजून लागलेला नाही. तारखा पडतात. अक्कांना या वर्षी एरंडोलहून एकही बोलावणं आलं नाही. त्या म्हणतात, दुसरी गावं शेतस. पण त्यांच्या आवाजात आधीचा जोर नाही, ते मला कळतं.

परवा पारोळ्याहून एका बाईंचा फोन आला. मी स्पीकर लावला. “ताई, हाताचं कळलं हो. वाईट झालं. पण तुम्ही करू नका काही, नुसतं बसून आमच्या सुनांना शिकवा. दोन दिवस आधीच या. आपलं घरचंच कार्य आहे.”

वडील भाजी निवडता निवडता थांबले. मला वाटलं, आई नेहमीसारखं “येसू ना” म्हणेल. तिनं फोन डाव्या हातात घेतला, तोंडाजवळ धरला.

“येसू. पन रोजना काय देशात ते पहिले सांगा. आनी कागदवर लिखी द्या.”

“अहो ताई, घरच्यात कसला कागद?” पलीकडून आलं. आईनं फोन ठेवला नाही. “लिखी द्या,” ती परत म्हणाली.