पौषातले हिरवे कुरण

नगर स्टेशनवर उतरलो तेव्हा पौषातल्या थंडीने कान बधिर झाले होते. लढाईमुळे पेट्रोल मिळेना, म्हणून सोनईकडची मोटार कोळशाच्या गॅसवर चाले. चढ आला की उतारूंनी खाली उतरून ती ढकलायची. भाडे मात्र बसण्याचेच. माझे मावसभाऊ आप्पासाहेब सोनईचे मोठे बागायतदार. 'भर थंडीत हिरवेगार कुरण पाहायला ये,' असा त्यांचा निरोप होता, म्हणून हा खटाटोप.

कुरण पाहिले. ते पिवळे होते. पाट मात्र तुडुंब वाहत होता. आप्पासाहेब पुण्यात शेतकीवरचे एक व्याख्यान ऐकून आले होते, तेही अर्धेच. गाडी गाठायची होती. पाणी दिले की गवत वाढते, एवढे त्यांनी ऐकले. हवेत ऊब नसेल तर मारवेल आणि पवन्या (ही आपल्या माळावरची गवते) पाण्यात उभी राहूनही वाढत नाहीत, हे बहुधा उत्तरार्धात असावे.

"मुळं जागी होताहेत," ते म्हणाले. मी वाकून पाहिले. तसे काही दिसले नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी माळाला ऊब द्यायची म्हणून त्यांनी बांधोबांध शेकोट्या पेटवल्या. ऊब गड्यांना मिळाली. ठिणगी उडून बांधावर जे वाळके गवत होते तेही जळाले.

धूर पाहून शेजारचे शेतकरी हुसेनभाई आले. गुरांचा विषय निघताच त्यांचा आवाज चढला.

"आप्पासायेब, तुमीच म्हनला हुता, गवताच्या गंजी इका, पौषात हिरवा चारा देतो. आमी समद्यांनी लष्कराला इकल्या. आता बैलांम्होरं काय टाकू?"

"धीर धरा. प्रयोग आहे हा."

"बैल धीर खात न्हाईत, सायेब."

वहिनी भाकरी आणि शेंगोळे (हुलग्याच्या पिठाचे, रश्शात शिजवलेले वेढे) घेऊन आल्या होत्या. टोपली खाली ठेवून त्या म्हणाल्या, "हुसेनभाई, गाडी जुपा. गोठ्यामागं आमची गंजी हाय. ह्यांनी इकली न्हाई."

म्हणजे गावाला विकायला सांगून स्वतःची गंजी कडब्याखाली झाकून ठेवली होती!

"ती बियाण्यासाठी आहे," आप्पासाहेब पुटपुटले.

"एवढी मोठी?" वहिनींनी विचारले.

दिवसभर गावच्या गाड्या भरल्या. मीही पेंढ्या उचलल्या; कुसळे धोतरात अशी घुसली की बसता येईना. आप्पासाहेब जेवले नाहीत. शेंगोळे उत्तम झाले होते, त्यांच्या वाटणीचेही मीच संपवले आणि दुसऱ्या दिवशी परत निघालो.

चैत्रात आप्पासाहेब पुण्याला आमच्याकडे आले. ऊन तापले होते आणि तिकडे सोनईला पाटाच्या पाण्यावर मारवेल गुडघाभर वाढले आहे, असे ते सांगत होते.

"बघ, माझा प्रयोग!"

"आणि हुसेनभाईंचे बैल?"

"जगले की! माझ्याच गंजीवर." त्यांनी छाती फुगवली.

उन्हाचे श्रेय त्यांनी घेतलेच होते, वहिनींचेही घेतले. तिकडच्या माळाबद्दल लोक मला विचारतात, तेव्हा मी एवढेच सांगतो, की मारवेलाला वाढायला निदान उन्हाची ऊब तरी लागते. आप्पासाहेब कुठल्याही हवेत वाढतात.