लोखंडाला भिणारे मामा

माझ्या बायकोच्या मामांइतका भित्रा माणूस अख्ख्या रायगड जिल्ह्यात शोधून सापडणार नाही, आणि हे मी त्यांच्या तोंडावर, चारचौघांत, बऱ्याचदा म्हटलेलं आहे. सापाला ते भीत नाहीत. खांदा कॉलनीतल्या त्यांच्या सोसायटीत एकदा धामण निघाली, तेव्हा सगळी बिल्डिंग गच्चीवर होती आणि मामा एकटे खाली, तिची शेपटी धरून तिला गटारापलीकडे पोचवायला निघालेले. भुताखेतांना नाही, अंधाराला नाही, फार काय, मामीलाही ते भीत नाहीत. मामा भितात ते लोखंडाला. उभं आयुष्य त्यांनी कारखान्यांमधले बॉयलर, टाक्या आणि पाइप तपासण्यात घालवलं. मालकाने बोलावलं की जायचं, टॉर्च घेऊन टाकीच्या पोटात शिरायचं, कुठे गंज चढलाय, कुठे चीर गेलीय, कुठे पत्रा पातळ झालाय ते पाहायचं आणि लिहून द्यायचं. नोकरीतून ते निवृत्त झाले, पण त्यांची धास्ती काही निवृत्त झाली नाही. ती पेन्शन न घेता तशीच कामावर राहिली.

मामा घराबाहेर पडताना खांद्याला एक खाकी पिशवी असते. तिच्यात एक छोटी हातोडी, टॉर्च, दांडीला बसवलेला आरसा, भिंग आणि पत्र्याची जाडी मोजायचं मोबाइलएवढं एक यंत्र. दुसऱ्यांच्या घरी गेल्यावर माणसं आधी पाणी पितात. मामा आधी जिन्याचा कठडा ठोकतात. ठोकल्यावर मान तिरकी करून ऐकतात. 'टण्ण' असा स्वच्छ आवाज आला तर पुढची पायरी, 'ठप्प' आला तर यजमानांना खाली बोलावणं. स्वयंपाकघरात कुकर चढला की मामा दारात उभे. शिट्टी होईपर्यंत त्यांच्याशी कुणी बोलायचं नाही. माझ्या लग्नात मंगलाष्टकं सुरू झाली, अंतरपाट धरला गेला, आणि पायाखालून ठकठक ऐकू यायला लागली. गुरुजी 'सावधान' म्हणता म्हणता थांबले. स्टेजच्या खालून मामांचं डोकं बाहेर आलं आणि म्हणालं, "वेल्डिंग कच्चं आहे. वर सहाच्या वर माणसं चढवू नका." आमच्या लग्नाच्या एकाही फोटोत त्यामुळे सहाच्या वर माणसं नाहीत. माझी आत्या आमच्याशी त्यावरून अजून नीट बोलत नाही.

कॉलनीच्या बागेतल्या झोपाळ्याचं प्रकरण तर गाजलं. झोपाळा ज्या आकड्याला टांगला होता, त्याच्याबद्दल मामांना संशय होता. एका सकाळी ते तीन डबे घेऊन गेले. आधी आकड्यावरचा ऑइलपेंट खरवडला, एका डब्यातल्या द्रावणाने आकडा पुसून काढला, दुसऱ्यातला लाल रंग त्यावर फवारला आणि घड्याळ लावून बसले. मग तो रंग स्वच्छ पुसला आणि तिसऱ्या डब्यातली पांढरी भुकटी फवारली. भोवती पोरांची रांग लागलेली. पाहता पाहता त्या पांढऱ्यावर केसाएवढी लाल रेघ उमटली, नव्या नवरीच्या भांगातल्या कुंकवासारखी. चिरेत मुरलेला रंग वर आला होता. सोसायटीचे सेक्रेटरी म्हणाले, "मामा, गेल्याच महिन्यात ऑइलपेंट दिलाय हो त्याला!" मामा म्हणाले, "म्हणूनच तुम्हाला दिसली नाही." झोपाळा उतरला. पुढचे तीन महिने कॉलनीतली पोरं मामांना 'झोपाळेचोर' म्हणत होती, आणि मामा ते निमूट ऐकून घेत होते.

मला ते फार आवडीने शिकवायचे. "लोखंड तीन तऱ्हेनं जातं, जावईबापू. गंजून जातं, झिजून जातं, नाहीतर थकून जातं. गंज डोळ्याला दिसतो. झीज पाइपाच्या वळणावर आतून होते, नदी वळणावर काठ खाते तशी. आणि थकवा? तार वाकवून सरळ करा, पुन्हा वाकवा, पुन्हा सरळ करा. पहिल्या खेपेला काही होत नाही, दहाव्या खेपेला काही होत नाही, आणि मग एकदम हातात दोन तुकडे." मी हसत हसत ऐकायचो. उरणच्या वाटेवर खाडीकाठी एक बर्फाचा कारखाना आहे, तिथे मी मॅनेजर. आम्ही पाण्याचा बर्फ करतो आणि मासेमारीच्या होड्यांना देतो. यात घाबरण्यासारखं काय आहे, असा माझा समज होता.

एका रविवारी मामांकडे चहा पिता पिता मी सहज बोलून गेलो, "तुमच्या पाइपांपेक्षा आमचे पाइप बरे, मामा. आमच्या एका पाइपावर तर शेवाळ उगवलंय, हिरवंगार. बाग केल्यासारखं दिसतं."

मामांनी कप खाली ठेवला. "पाइप कसला?"

"अमोनियाचा. थंड गॅस कॉम्प्रेसरकडे परत आणणारा. वर थर्माकोल, त्याच्यावर डांबर, त्याच्यावर पत्रा."

"आणि शेवाळ पत्र्याच्या वर आहे, की सांध्यातून बाहेर आलंय?"

मला सांगता येईना. मामांचा चेहरा उतरला. तो चहा त्यांनी पुन्हा उचललाच नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी आठला ते कारखान्याच्या फाटकाशी हजर. नारळी पौर्णिमा दोन दिवसांवर आली होती. होड्या समुद्रात जायच्या तयारीत, बर्फासाठी टेंपोंची रांग रस्त्यापर्यंत, आणि आमचे शेठ, जे त्याच गावचे, तिथल्याच मिठागरांवर वाढलेले, ते स्वतः फाटकात उभे राहून टेंपो सोडत होते. मामांची पिशवी पाहून ते हसले. "या मामा! झोपाला नाय हाय बरं का आमच्याकडं."

मामा हसले नाहीत. खिशातून रुमाल काढून त्यांनी हवेत धरला आणि वारा कुठून कुठे जातोय ते पाहिलं. वारा खाडीकडून कारखान्यामागच्या आळीकडे वाहत होता. विषारी अमोनिया सुटला तर तो त्याच आळीत शिरणार, आणि तिथे तीसेक घरं आणि एक बालवाडी. मामांनी रुमालाची घडी करून तो परत खिशात ठेवला.

आत कॉम्प्रेसरवर हाशमभाई होते. ते आमचे जुने ऑपरेटर, यंत्राच्या आवाजावरून त्याची नाडी सांगणारे. त्यांनी शिडी धरली. मामा त्या पाइपाखाली फळीवर उताणे झोपले आणि आरशातून पत्र्याचा खालचा सांधा पाहू लागले. सांध्यातून तपकिरी ओघळ आला होता. मामांनी स्क्रू-ड्रायव्हरने पत्रा जरासा उचकटला. आतला थर्माकोल पांढरा असतो. तो काळा, चिंब, कुजलेला बाहेर आला. त्याच्यामागून गंजाचे पापुद्रे दिसले, खारीच्या बिस्किटासारखे, एकावर एक.

"पाइप तर चांगला जाड दिसतोय की," मी म्हणालो.

"तो गंज जाड आहे," मामा म्हणाले. "गंज फुगतो. आत लोखंड किती उरलंय, ते देवाला माहीत."

त्यांनी सवयीने हातोडी उचलली. हात वर गेला आणि तिथेच थांबला. मग त्यांनी हातोडी अगदी अलगद, झोपलेल्या बाळाशेजारी वस्तू ठेवावी तशी, पिशवीत ठेवली. स्टेजपासून कुकरपर्यंत सगळं जग ठोकत आलेला हा माणूस त्या पाइपाला ठोकायला धजला नाही. मामा फळीवरून उतरले आणि कुजबुजल्यासारखं बोलले, जणू पाइपाला ऐकू जाईल. "जावईबापू, शेठना बोलवा. धावू नका. आणि इथे कुणी काही आपटू नका."

शेठ आले, पाहिलं, आणि चिडले. "आवो मामा, वीस वर्सं चाललाय ह्यो पाइप! आज बंद केला तं होड्या सुक्या जातील. पुनव झाली का बघू."

"पौर्णिमेपर्यंत तो टिकेलही," मामा म्हणाले. "मी नाही म्हणत नाही. पण तो टिकेल, असं मी लिहून देणार नाही. तुम्ही द्या लिहून."

शेठ पाइपाकडे बघत राहिले. मग आळीकडच्या भिंतीकडे त्यांची नजर गेली. एकाएकी ते वळले आणि ओरडले, "हाशमभाई, बटण दाब! बंद कर सगला!"

"थांबा!" मामा इतक्या जोरात ओरडले, की मी दोन पावलं मागे सरलो. "बटणाला हात लावू नका! मशीन चालू आहे तोवर ती या पाइपातला गॅस ओढून घेतेय, म्हणून आत दाब कमी आहे. मशीन बंद केली की आतला गॅस तापत जाईल आणि दाब वाढेल. आत्ता जो पाइप कसाबसा तग धरून आहे, तो तेव्हा धरणार नाही. आधी या पाइपात येणारा अमोनिया तोडा. मग मशीनला सगळा गॅस ओढून मोठ्या टाकीत भरू द्या. दाबाचा काटा खाली आला की मग बटण."

हाशमभाईंनी मान डोलावली. "बराबर बोलतात साहेब. तास-दीड तास लागेल."

त्या दीड तासाबद्दल मी आजवर बायकोलाही धड सांगितलेलं नाही. कामगारांना फाटकाबाहेर, वारा जिकडून येत होता त्या अंगाला नेलं. आळी रिकामी करायला शेठ स्वतः धावत गेले. दुसऱ्या कुणाचं तिथे कुणी ऐकलं नसतं. आत हाशमभाई थांबले, कारण मशीन त्यांच्याशिवाय कुणाला कळत नव्हती. आणि मामा थांबले.

"तुम्ही कशाला थांबता, मामा?" मी विचारलं.

"काटा एकानं बघायचा, पाइप एकानं. हाशमभाईंना डोळे दोनच आहेत. तुम्ही जा बाहेर."

मी गेलो. भिजवलेला रुमाल नाकाला लावून रस्त्यापलीकडे उभा राहिलो, आणि मला लाज वाटत होती, पण पाय परत वळत नव्हते. मशीनची घरघर चालू होती. ती चालू आहे याची भीती, आणि ती थांबेल याचीही भीती. मध्येच वाऱ्याची झुळूक फिरली आणि नाकात तो वास शिरला, डोळ्यांत पाणी आणणारा, कांद्यापेक्षा तीक्ष्ण. सगळे कामगार एकदम मागे हटले. "सुटला!" कुणीतरी म्हणालं. मी कसा कोण जाणे, दारापर्यंत धावलो. आत हाशमभाई काट्यासमोर ओठ हलवत उभे होते. मामा पाइपाखाली स्टुलावर बसलेले, तोंडाला ओलं फडकं, आणि दोन्ही हात गुडघ्यांवर घट्ट दाबून धरलेले. त्यांनी मला पाहिलं आणि हातानेच खुणावलं: थोडासाच आहे, मागे व्हा.

मग काटा खाली टेकला. हाशमभाईंनी व्हॉल्व्ह आवळले, बटण दाबलं, आणि कारखान्यात अशी शांतता पसरली की बर्फाच्या टाकीतलं पाणी ठिबकताना ऐकू आलं. "अल्ला का शुक्र," हाशमभाई म्हणाले आणि जमिनीवरच बसले.

पाइप रिकामा झाल्याची खात्री करून मामांनी मग गंज खरवडला. पापुद्रे तळहाताएवढे पडत होते. जिथे लोखंड लागलं तिथे त्यांनी, मधे हवा राहू नये म्हणून, जेलीचा थेंब लावला आणि जाडी मोजायच्या यंत्राचं टोक टेकवलं. एका जागी आकडा बरा आला, बोटभर पुढे तो निम्मा झाला, आणि अगदी तळाशी, जिथे पाणी साठून राहायचं, तिथे यंत्र आकडाच दाखवेना. मामांनी स्क्रू-ड्रायव्हरचं टोक तिथे नुसतं टेकवून दाबलं. ते आरपार गेलं.

शेठ आळीतून परतले होते. त्यांनी ते भोक पाहिलं. मघाशी तयार झालेल्या बर्फाच्या लादीवर ते धोतरासकट बसले, आणि म्हणाले, "मामा, माजी नात त्या बालवाडीत हाय."

"माहीत नव्हतं मला," मामा म्हणाले.

संध्याकाळी मी त्यांना स्कूटरवरून घरी सोडायला निघालो. पळस्पे फाट्याच्या अलीकडे त्यांनी माझ्या खांद्यावर हात ठेवून गाडी बाजूला घ्यायला लावली. आम्ही एका टपरीवर बसलो. तिथे त्यांनी मला एक गोष्ट सांगितली, जी मामीखेरीज कुणाला ठाऊक नव्हती. तरुणपणी एका कारखान्यात त्यांनी वाफेच्या पाइपाचं एक वळण तपासलं होतं. चार ठिकाणी जाडी मोजली, चारही ठिकाणी उत्तम. जेवणाची सुट्टी होत आली होती, म्हणून पाचवी जागा मोजली नाही. महिन्याभराने पाइप तिथेच फुटला. खाली एक फिटर डबा खात बसला होता. "चौकशीत मला कुणी काही म्हटलं नाही," मामा म्हणाले. "नियमाप्रमाणे चार जागा पुरेशा होत्या." एवढं बोलून ते महामार्गावरच्या ट्रककडे बघत बसले. मी त्यांना इतकी वर्षं भित्रा म्हणत आलो होतो. त्यानंतर नाही म्हटलं.

आमचा कारखाना महिनाभर बंद राहिला. होड्यांनी दुसरीकडून बर्फ नेला. शेठनी सगळे पाइप उघडून पाहायला लावले, त्यात आणखी दोन जागा निघाल्या. आता दरवर्षी पावसाळ्याआधी आम्ही सगळं आवरण सोलून तपासतो, तपासणारी मुलं शिकलेली, हुशार, त्यांची यंत्रंही नवी. मामा मात्र येऊ शकत नाहीत. गुडघे गेले, आणि दोन वर्षांपूर्वी मुलीने दोघांना बंगळूरला नेलं. तिथे चौदाव्या मजल्यावर ते राहतात आणि लिफ्टबद्दल काय म्हणतात, ते न विचारलेलं बरं.

यंदा तपासणी लांबली. पाइपात पुन्हा गॅस भरून, सगळे सांधे पाहून होईपर्यंत दुपारचे तीन वाजून गेले. मग मी मामांना फोन लावला. पहिली रिंग पुरी व्हायच्या आत त्यांनी उचलला.

"मामा, झालं. सगळं ठीक आहे."

"खालची बाजू पाहिली?"

"पाहिली."

"सगळीकडे?"

"सगळीकडे, मामा."

मग त्यांनी श्वास सोडल्याचं ऐकू आलं, आणि फोन तोंडापासून दूर करून ते मामीला म्हणाले, "अगं, वाढ आता."