वत्सलामाईचा पाट

मंडळी, आज हिंगोलीत आमच्या वाचन मंडळात मालिकेतल्या वत्सलामाईवरून रान पेटलं. माईच्या तरुणपणावर कादंबरी आलीय. तीत तिचा पहिला नवरा मरतो आणि ती पाट लावते, म्हणजे दुसरं लग्न करते. झालं, सगळ्यांचा धर्म बुडाला.

"आमची माई असली न्हाई," शेजारच्या काकू म्हणाल्या. "त्या लिहिणाऱ्याला काही लाज?"

मी विचारलं, "काकू, पुस्तक वाचलं का?"

"असलं काहून वाचू? मोबाईलवर आलंय की सगळं."

बाकीच्यांनी माना डोलावल्या. यांतल्या निम्म्या जणी गावाकडं पाटाची जेवणं जेवून आल्यात. काकू तर आमच्याच डोंगरकडा गावच्या. माझ्या आईच्या पाटाला यांनीच पुऱ्या लाटल्या होत्या. मी तेव्हा आईच्या कडेवर होते.

आता संध्याकाळी मालिका बघायला काकू रोजच्यासारख्या आमच्याकडंच येतील, आईला खेटून बसतील. माई यांना सोवळ्यातली पाहिजे. चहा मात्र पाट लावलेल्या बाईच्या हातचा चालतो.

तुम्हीच सांगा, आज आईला चहा ठेवू देऊ का?